उलटं टांगलेलं तळं

मी चौकट. फ्रेम म्हणा हवं तर, मला काय. चार लाकडं, चार कोपरे, आणि मधे कुणी जे कोंबेल ते. आज मी बोलणार आहे आणि गोड बोलणार नाही. ज्यांना गोड ऐकायचंय त्यांनी समोरच्या कॅफेत जाऊन बसावं. तिथं दिवसभर गोड गाणी लावतात.

चहूबाजूंनी डोंगर आणि मधे तळं, असं आमचं गाव. जन्मानं मी चौकट नव्हतेच. मी होडीतली बसायची फळी होते, सहा नंबरच्या होडीतली. चाळीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्यांचे बसायचे भाग मी सांभाळले. त्यामुळे माणसांची पारख मला आहे, तोंडाकडून नाही, दुसऱ्या बाजूनं. आणि खरं सांगते, ती बाजू कमी खोटं बोलते.

एका वर्षी सहा नंबर खडकावर आपटली आणि दुभंगली. होड्या दुरुस्त करणारा सुतार शेडमध्ये बसला, त्यानं मला उभी चिरली, रंधा मारला, कोपरे कापले, सरस लावला आणि म्हणाला, "झाली चौकट." बाळंतपण दुपारच्या चहाआधी उरकलं.

त्याला एक बहीण. सगळ्या होड्यांवर नंबर घालायचं काम तिचं, म्हणून तिला नाव पडलं नंबरवाली. डांबराच्या काळ्या अंगावर पांढरा आकडा. पट्टी नाही, खडू नाही, श्वास धरायचा आणि ब्रश ओढायचा. शाळेत ती चार इयत्ता गेली, त्यात आकड्यांचा तास तेवढा तिला आवडला. तिनं माझ्यात एक पत्रा बसवला आणि त्यावर लिहिलं, "होडीत उभं राहू नये." मला धक्क्यावर टांगलं. लोक यायचे, ते मोठ्यानं वाचायचे, हसायचे आणि होडीत उभे राहायचे.

तेव्हा काठावर होडीवाल्यांची नऊ घरं होती. ओळीनं, एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून. पाण्यात त्यांचं प्रतिबिंब पडायचं, आम्ही त्याला सावलीच म्हणतो, आणि सकाळी बायका अंगणात उभ्या राहून त्या सावलीत बघून केस विंचरायच्या. आरसा घ्यायची गरजच नाही.

मग चित्रकार आले. आधी एक आला, छत्री आणि तिपाई घेऊन. पुढच्या वर्षी दहा. मग उन्हाळा आला की काठावर छत्र्याच छत्र्या. डोंगर एक, तळं एक, चित्रं हजार. आणि प्रत्येक चित्रात एक होडी, होडीत कुणी नाही. अरे, होडी काय आपली आपण वल्हवते? पण ते होडीवाल्याला म्हणायचे, "भाऊ, जरा बाजूला होता का? चित्रात येताय."

आणि भाऊ बाजूला व्हायचा. हसत व्हायचा. मी धक्क्यावरून बघायचे आणि माझे कोपरे करकरायचे. आधी चित्रातून बाजूला केलं, मग काठावरून. पण ते कळायला आम्हाला वीस वर्षं लागली.

झालं ते असं. चित्रकारांचं कलामंडळ निघालं. मंडळाला अध्यक्षबाई मिळाल्या, सेक्रेटरी मिळाला. मोटरबोटी आल्या, वल्ह्याच्या होड्या उलट्या होऊन गवतात पडल्या. होड्यांच्या शेडला काचा बसल्या आणि तिचं कलादालन झालं. जिथं माझा जन्म झाला तिथं आता बूट पुसून आत या म्हणतात. मग फिरायला रस्ता हवा, कठडा हवा, कॅफे हवा. एकेक करून आठ घरं गेली. माणसांना वर, बसस्टँडच्या मागे, खोल्या दिल्या. तिथून तळं दिसत नाही. एका खोलीतून दिसतं म्हणतात, पण संडासाच्या खिडकीतून.

सुतार त्याआधीच गेला. सुटला म्हणायचा. नववं घर त्याचं, त्यात नंबरवाली एकटी राहिली. ती हलली नाही. तिला कागद आले. तिनं ते टिनाचे डबे ठेवायला खाली अंथरले.

माझं काय झालं, ते ऐका. धक्का पाडला तेव्हा मी भंगारात पडले होते. अध्यक्षबाईंनी उचलली. "किती अस्सल लाकूड!" म्हणाल्या आणि माझ्यात स्वतःचं चित्र बसवलं. बदकं. पाच बदकं, सगळी एकाच दिशेला बघणारी, फोटोला उभी केल्यासारखी. तीन वर्षं मी ती बदकं पोटात बाळगली. बाई वाईट नव्हत्या हो. बोलायला गोड, चहा पाजायच्या, येणाऱ्याला खुर्ची द्यायच्या. पण समोरचा काय म्हणतोय ते पुरतं ऐकायच्या आधीच त्यांना समजलेलं असायचं. अशा माणसाचं काय करायचं? मी एवढंच करायचे, रोज सकाळी जरा वाकडी व्हायचे. त्या सरळ करायच्या. पाठ फिरली की मी पुन्हा वाकडी. शेवटी म्हणाल्या, "ही फ्रेम जुनी झाली," आणि मागच्या दाराशी ठेवली. तिथून नंबरवालीनं मला उचललं.

"ये गं," म्हणाली. "बदकांनी चावलं तर नाही ना?"

त्या वर्षी मंडळाच्या प्रदर्शनाला विषय होता, "आपलं तळं." दरवर्षी तोच असतो, पण दरवर्षी तो सुचल्याचा त्यांना आनंद होतो. कुणीही चित्र द्यावं असा नियम. नंबरवालीनं आयुष्यात आकड्यापलीकडे काही रंगवलं नव्हतं. तिनं प्लायवूडचा एक तुकडा माझ्यात ठोकला, होड्यांचे उरलेले डबे उघडले, बादली उलटी घालून तिच्यावर बसली. पांढरा, हिरवा, डांबर, निळा, आणि गंज लागू नये म्हणून लावतात तो विटकरी.

वरच्या अर्ध्यात तिनं आत्ताचा काठ काढला. काचेचं दालन, कॅफेच्या छत्र्या, कठडा. मागे डोंगर, अगदी काळा. कारण सकाळी इथं तसंच असतं. डोंगराच्या अंगावर ऊन यायला उशीर लागतो, पाणी मात्र आधी उजळतं. पाण्यावर जन्म काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

आणि खालच्या अर्ध्यात, उजळ पाण्यात, सावली काढली. पण दालनाची नाही. नऊ घरांची. नऊ दारं, नऊ छपरं, दोरीवरचे कपडे, दारात टेकून बसलेला सुतार. सगळी उलटी, पाण्यात असतात तशी. ती काढताना तिनं मला डोक्यावर उभी केली. "थोडा वेळ सोस गं बाई," म्हणाली. मी सोसलं. विचारून डोक्यावर उभं केलं तर माणूस काहीही सोसतं.

काठावरची माणसं गेली, पाण्याला मात्र ती आठवतात, असं तिला म्हणायचं होतं. म्हटलं नाही, रंगवलं. कारण त्या महिन्यात नवा कागद आला होता. नवव्या घराच्या जागी शिल्पांची बाग करायची, आणि नगराध्यक्ष बक्षीस समारंभाच्या दिवशी दालनात येऊन ते जाहीर करणार. तिच्याकडे वकील नव्हता. तिच्याकडे पाच डबे आणि मी.

माझ्या पाठीवर वरच्या अंगाला तिनं दोन कड्या बसवल्या, सुतळी बांधली, आणि मला दालनात देऊन आली.

आता सेक्रेटरी. माणूस टापटीप. दहा वर्षं तळ्याकाठी राहतोय, पण पायाचा अंगठासुद्धा पाण्यात बुडवलेला नाही, सर्दी होते म्हणे. चित्रं टांगायचं काम त्याचं. त्याचा एक नियम होता, तोच सगळ्यांना शिकवायचा. उजेड वर, अंधार खाली. उजळ ते आकाश, काळं ते पाणी. हा नियम त्याला कधी दगा द्यायचा नाही, कारण सगळे चित्रकार दुपारी जेवून चित्र काढायला बसायचे.

त्यानं मला हातात घेतलं, बघितलं आणि चुकचुकला. "आजींनी कड्या उलट्या बाजूला लावल्यात. वय झालं." खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, कड्या काढल्या, दुसऱ्या बाजूला बसवल्या आणि मला टांगलं.

उलटं!

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना? माझे तळपाय वर आणि मस्तक खाली, आग जायला बिचारीला चढसुद्धा लागला नाही.

आता बघा काय झालं. नऊ घरं काठावर सरळ उभी. त्यांच्यावर पांढरंशुभ्र आकाश. आणि खाली काळ्या पाण्यात एका काचेच्या दालनाची सावली. वर नऊ घरं, खाली सावली एका दालनाची! सुतार दारात बसलाय आणि पाण्यात त्याच्या जागी कॅफेची छत्री. शंभर माणसं समोरून गेली. डोकी हलवली, मागे सरकली, पुढे आली, एक डोळा मिटला. एकालाही प्रश्न पडला नाही.

परीक्षक बाहेरगावचे होते. त्यांनी हनुवटी खाजवली. अध्यक्षबाई त्यांच्या मदतीला धावल्या. "बघा ना, किती सुंदर कल्पना! जुनी घरं, आणि पाण्यात त्यांना दिसलेलं भविष्य. म्हणजे आपलं दालन हे त्या घरांनीच बघितलेलं स्वप्न!"

"वा," परीक्षक म्हणाले. पहिलं बक्षीस.

ऐकलंत? ज्या घरांवर बुलडोझर घातला, त्या घरांचंच म्हणे ते स्वप्न होतं. मी लाकूड आहे. मी फुटले नाही, एवढंच माझं चुकलं.

आठवड्यानं एका सकाळी नंबरवाली दार उघडून बाहेर आली तर तिच्याच भिंतीवर भला मोठा फलक. "येथे होणार शिल्पबाग." आणि वर तिचंच चित्र छापलेलं. उलटं. खाली ओळ, "घरांनी पाहिलेलं स्वप्न."

ती तशीच दालनात आली. चपला चिखलाच्या, ब्रश कानावर. माझ्यासमोर उभी राहिली. मान तिरकी केली, मग आणखी तिरकी. मग सरळ झाली.

"सेक्रेटरीसाहेब, हे कुणी केलं?"

"काय आजी? अहो, अभिनंदन! पहिलं बक्षीस तुमचं!"

"बक्षीस राहू द्या. माझं तळं उलटं टांगलंय तुम्ही."

तो हसला. मग माझ्याकडे बघितलं. मग हसू जरा ओसरलं. "पण आजी, उजेड वर..."

"तुमच्या घरी असेल. आमच्याकडे सकाळी पाण्यात असतो."

अध्यक्षबाई आतून आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नंबरवालीचा हात हातात घेतला. बाईंचे हात नेहमी उबदार असतात, हे मलाही माहीत आहे. "मावशी, तुम्हाला काय म्हणायचं होतं ते आता समजलं मला. पण असं बघा, आमंत्रणं छापून झाली. फलक लागला. कपांवरसुद्धा आलंय चित्र. आणि लोकांना हे असंच आवडलंय हो. कला एकदा लोकांसमोर गेली की ती लोकांची होते. नाही का?"

"मग लोकांनाच विचारू की, कुठली बाजू वर ते."

"तळं ते तळंच ना, मावशी. वरून काय नि खालून काय."

"बुडालेल्याला विचारा, बाई," नंबरवाली म्हणाली आणि गेली.

मी आणखी दोन दिवस डोक्यावर लटकून होते. वाकडी व्हायचा प्रयत्न केला, पण सेक्रेटरीनं या खेपेला चारी कोपऱ्यांना खिळे मारून धरलं होतं. पहिलं बक्षीस ना!

समारंभ रविवारी सकाळी. दालन भरलं. नगराध्यक्ष पहिल्या रांगेत, मांडीवर कागद. कॅफेतली माणसं चहाचे ट्रे घेऊन फिरत होती. त्यातली एक चौथ्या घरातली वहिनी. घर होतं तेव्हा तिच्या दारात होड्यांची दोरखंडं वाळत पडायची. आता ती कॅफेत कप विसळते आणि समारंभाला पांढरा अॅप्रन घालते.

बक्षिसाचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. नंबरवाली उठली. पण मंचाकडे गेलीच नाही. ती भिंतीकडे आली, येताना वाटेतली एक खुर्ची ओढत. खुर्ची फरशीवर अशी किंचाळली की टाळ्या बंद पडल्या. ती खुर्चीवर चढली, खिशातून सुताराची पकड काढली आणि माझे चारी खिळे उपटले. एकेक खिळा खाली पडला की आवाज यायचा. टण्ण. टण्ण.

"आजी, पडाल!" सेक्रेटरी.

"पडले तर उचला. तेवढं तरी सरळ उचला."

तिनं मला उतरवलं, फिरवलं. पण कड्या आता दुसऱ्या टोकाला, टांगणार कशी? म्हणून ती खाली उतरली, मला छातीशी धरलं, दोन्ही बाजूंनी, आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. भिंतीवरचा खिळा जसा उभा असतो तशी.

"हं," म्हणाली. "चालू द्या तुमचं."

कुणाला काही कळेना. अध्यक्षबाईंनी भाषण सुरू केलं, थांबल्या, पुन्हा सुरू केलं. नंबरवालीचे हात माझ्या कडांवर. सत्तरीचे हात, प्लायवूड जड, आणि मी काही पिसाची नाही. पाच मिनिटं झाली. दहा झाली. भाषणात "कलेचा विकास" आला, "काठाचं सौंदर्य" आलं. तिच्या बोटांची नखं पांढरी पडली. सेक्रेटरी पुढे आला, हळूच म्हणाला, "आजी, द्या इकडे. हात दुखतील."

"दुखू देत."

तेवढ्यात चौथ्या घरातली वहिनी ट्रे घेऊन समोरून गेली. गेली, आणि परत मागे आली. माझ्यात बघितलं. पहिल्यांदा वर, मग खाली, पाण्यात. तिची मान आपोआप वळली.

"आत्या," ती म्हणाली, अगदी घरातल्या आवाजात, "हे माझं दार नाही का?"

"तुझंच."

"पाण्यात आहे की गं."

"मग कुठं आहे? तूच सांग."

वहिनीनं ट्रे खाली ठेवला. नगराध्यक्षांच्या पायाशीच ठेवला, दुसरी जागाच नव्हती. आली आणि माझी डावी बाजू धरली. तिचे हात ओले होते. मग दारावरचा राखणदार आला, तो दुसऱ्या घरातला. त्यानं टोपी काढली आणि खालून मला हाताचा आधार दिला. आणि मी तुम्हाला सांगते, शंभर माणसांना एकाच वेळी लाज वाटली की खोलीत कसा आवाज येतो, ते मी त्या दिवशी ऐकलं. चपला फरशीवर घासल्याचा आवाज असतो तो.

नगराध्यक्ष उठले. जवळ आले, चष्मा लावला, चष्मा काढला. माणूस अडाणी नव्हता, गडबडला होता. म्हणाले, "पण मावशी, ह्याची सरळ बाजू नक्की कुठली?"

"साहेब," नंबरवाली म्हणाली, "ज्या बाजूनं तुम्हाला खाली बघावं लागेल, ती."

त्यांनी मांडीवरचा कागद त्या दिवशी वाचला नाही. घडी केली, खिशात घातली. नुसतीच घडी केली हो, फाडला नाही. मी उगीच खोटं कशाला सांगू? त्यांच्या खिशात तो अजून आहे.

बक्षीस तिथंच राहिलं. आम्ही चौघं घरी आलो, दालनाच्या पुढच्या दारानं.

आता मी नवव्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर असते, छपराच्या वळचणीला. फलक काढून तिनं त्याचा पत्रा कोंबड्यांच्या खुराड्याला लावला. पुढून फिरायचा रस्ता जातो. लोक थांबतात, बघतात. कॅफेवाले नाक मुरडतात. अध्यक्षबाई दोनदा आल्या, लांब उभ्या राहिल्या. एकदा पार जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मला खरंच दिसलं नव्हतं हो." मी त्यांच्यावर चिडलेलीच आहे. पण त्या खरं बोलत होत्या, हे मला जास्त लागलं.

आणि बसस्टँडमागच्या खोल्यांतून माणसं उतरून येतात. कौतुक करायला नाही, भांडायला!

"आत्या, आमचं दार हिरवं होतं, तू निळं केलंस!"

"आमच्या छपराला धुराडं कुठाय? सासूबाईंनी दिवसरात्र मला त्या धुराड्यावरून बोलून घेतलं, आणि तू ते काढलंच नाहीस?"

"डोळे फुटले होते माझे. धर, तूच रंगव." ती सरळ त्यांच्या हातात ब्रश देते. मग एकेक जण बादलीवर बसतो, मान वाकडी करतो आणि पाण्यातलं आपलं उलटं दार रंगवतो. आठ दारं झाली, आठ हातांची. हिरव्याचे ओघळ गेलेत. एक धुराडं छपरापेक्षा मोठं झालंय. चित्र आधीपेक्षा नक्की वाईट दिसतं. मी मात्र आता वाकडी होत नाही.

काल नंबरवालीनं कानस आणली. मला वाटलं, मलाच घासणार. पण तिनं पाण्यातलं नववं घर घासायला घेतलं. स्वतःचं. दार, छप्पर, दोरीवरचे कपडे, सगळं खरवडलं, खालचं कोरं लाकूड दिसेपर्यंत. सुताराला तेवढं ठेवलं, त्याला तिनं पाण्यातच राहू दिलं. वहिनी बघत उभी होती. घाबरली. "आत्या, अगं हे काय? तुझं घर पुसलंस?"

"ते तिथं चुकून पडलं होतं," ती म्हणाली.

आणि वरच्या काठावर, काचेच्या दालनाच्या भिंतीला अगदी भिंत लावून, तिनं नववं घर काढायला घेतलं. सरळ उभं. श्वास धरला आणि ब्रश ओढला. रंग अजून ओला आहे.

खिशात कागद घेऊन फिरणाऱ्यांनो, मोजायच्या टेपा घेऊन येणाऱ्यांनो, तुम्हाला एवढंच सांगते. आत जायच्या आधी माझ्यासमोर थांबा. मान वाकडी करू नका, डोळा मिटू नका. एकदा नीट बघा, कोण काठावर आहे आणि कुणाला तुम्ही पाण्यात घातलंय. आणि बोट लावू नका त्या घराला. ओलं आहे म्हणून नाही. तिचं आहे म्हणून.